जांभळीवर ते होतं

विमल, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी बोललो. तुझ्या शिकवण्याबद्दल बोललो, तुझ्या तापटपणाच्या दोन गमती सांगितल्या, लोक हसले. प्रज्ञा पहिल्या रांगेत तुझ्यासारखीच हाताची घडी घालून बसली होती. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, आई शेवटी शेवटी एकच विचारत होती. राईनं मला सोडलं का, म्हणून. तुम्हाला काही कळतंय का हे?"

मी म्हणालो, तापात माणूस काहीही बोलतं.

तुझ्याबाबतीतला माझा तो शेवटचा खोटेपणा. इथून पुढं जे लिहितो आहे ते घडलं तसं लिहितो आहे. तुला वाचून दाखवायला हवं होतं, त्याला उशीर झाला.

आपण एका वर्गात शिकलो, एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि दर पावसाळ्यात रविवारी मावळातल्या देवराया पालथ्या घातल्या. माझ्या बायकोला वाटायचं, आपण दोघं झाडं बघायला जातो. झाडं आपण कधी बघितलीच नाहीत. झाडांच्या अंगावर काय आहे ते बघितलं. गावातले लोक ज्याला सरसकट शेवाळ म्हणतात आणि ज्याच्यावरून घसरून पडतात, त्यात तुला शंभर घराणी दिसायची.

पहिल्या वर्षाच्या मुलांना तू सांगायचीस, झाड म्हणजे चाळ. तळमजल्यावर, मुळांच्या खाचांत, पिसांसारखी नाजूक मॉस राहतात. खोडाच्या पावसाकडच्या अंगाला जाड गालिचावाली मंडळी. त्यांच्या वर, जिथं साल जरा लवकर वाळते, तिथं लिव्हरवर्ट, मॉसची चुलत भावंडं, खोडाला इतकी चपटी चिकटलेली की कुणी शाईनं काढून ठेवली असावीत. फांद्यांवरून लोंबतात ती दोऱ्यासारखी वेगळी. आणि गच्चीवर, थेट हिरव्या पानांवर, भिंगाशिवाय दिसणारही नाहीत अशी. कुणी कुणाच्या मजल्यावर जात नाही. मग एखादा मुलगा विचारायचा, मॅडम, ही झाडाला खातात का? तू म्हणायचीस, नाही रे, ही नुसती राहतात. राहणं आणि खाणं ह्यांत फरक असतो, तो घरी जाऊन वडिलांना विचार.

उन्हाळ्यात हे सगळं वाळून काळं पडतं. बघणाऱ्याला वाटतं, मेलं. पाण्याचा एक थेंब पडला की हिरवं होऊन उठून बसतं. हे मुलांना दाखवताना तू कधी थकली नाहीस. मला मात्र ते बघताना अंगावर काटा यायचा. मेलेलं आहे की जिवंत, हे आपल्याला पाणी टाकल्याशिवाय कळू नये, हे मला कधी बरं वाटलं नाही. तू मला भित्रा म्हणायचीस.

कुरवंड्याच्या वरची ती राई मला पहिल्यापासून नको वाटायची. नागफणीच्या कड्याकडून धुकं आलं की ते बाहेरच्या माळावर पळत असतं, पण राईत शिरलं की थांबतं. आत पाऊल टाकलं की आपल्या चालण्याचा आवाज येईनासा होतो. सगळी खोडं, सगळे दगड, पडलेल्या फांद्या, सगळ्यांवर मॉस, आणि ते आवाज पितं. आपण दहा पावलांवरून एकमेकांना हाका मारायचो आणि ऐकू यायच्या नाहीत. पाऊस थांबला तरी आत तास-तासभर ठिबकत राहायचं. तू म्हणायचीस, पाणी साठवलंय ना त्यांनी, आता हळूहळू सोडतात. मला वाटायचं, कुणीतरी मोजून सोडतंय.

राईचा नियम तुला ठाऊक होता. आतलं काही बाहेर न्यायचं नाही. वाळकी काडी नाही, पडलेलं फळ नाही. चपलेला चिकटलेलं पान वेशीवर झटकून मगच निघायचं. न्यायचंच असेल तर देवीच्या दगडाला कौल लावायचा. दोन फुलं ओली करून चिकटवायची. आधी उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. हे काम धोंडूआबाचं, म्हणजे राईखालच्या वाडीतल्या वयस्कर माणसाचं, ज्याच्या घराण्याकडं राईची राखण होती.

तू कौल लावायला कधी तयार झाली नाहीस. तुझे वडील बेडशाचे, रेल्वेत गँगमन. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी घरातले देवांचे टाक नदीत सोडले आणि तुला पुढं एकच सांगितलं, कुणापुढं नाक घासायचं न्हाई, मानसापुढं न्हाई आन दगडापुढं बी न्हाई. हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की मला तुझ्या वडिलांचा आवाज न ऐकता पाठ झाला. आपलं भांडण ह्यावरच व्हायचं. मी म्हणायचो, विचारायला काय जातं? तू म्हणायचीस, विचारणाऱ्याचा कणा जातो.

धोंडूआबाला तुझं कौतुक होतं. "बाई, तुमी इचारत न्हाई, पर ती ऐकती बरं का," तो म्हणायचा.

"मग तिला सांगा आबा, विमल नखाएवढं नेणार, उरलेलं तुझं."

"च्या पाजा, म्हंजी सांगतो."

आणि खरंच तू नखाएवढंच न्यायचीस. जेवढं दिसेल त्याच्या अर्ध्याहून जास्त कधीच नाही. एखादी जात एकाच झाडावर, एकाच ठिकाणी उरलेली असू शकते, हे तू विद्यार्थ्यांना दरडावून सांगायचीस.

ज्या रविवारी तुला ती सापडली त्या रविवारी मी घरी होतो. पाऊस फार होता, मला आळस आला होता, आणि मी निरोप पाठवला की आज काही मिळायचं नाही. दुपारी तू चिंब भिजून माझ्या दारात उभी. राईच्या आतल्या जांभळीवर, छातीच्या उंचीवर, पंजाएवढी जागा व्यापून बसलेली एक लिव्हरवर्ट. तांबूस काळी. प्रत्येक पानाखाली पाणी धरायची इवलीशी पिशवी, टोपीसारखी. ही जात दक्षिणेकडच्या घाटांत मिळते, मावळात कुणी पाहिलेली नव्हती. तू मायक्रोस्कोपला डोळा लावलास आणि पोरीसारखी हसलीस. मग म्हणालीस, तुकड्यावर फळ नाही, वांझ आहे, ओळख पक्की करायला पुन्हा जायला हवं, पण आत्ता नको, तिला सावरू दे.

विमल, मला आनंद झाला होता. हेही खरं आहे. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. इतकी वर्षं आपण दोघं फिरलो आणि मी एकदाच आलो नाही, तर तुला सापडावं. पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी तुझ्यासाठीच गेलो, फळलेला तुकडा आणून तुझ्या टेबलावर ठेवावा म्हणून. ते निम्मंच खरं. मला तो तुकडा माझ्या हातानं काढायचा होता.

मी एकटा गेलो. वाडीतून न जाता मागच्या बाजूनं चढलो, म्हणजे कुणी पाहू नये हे मला चढतानाच ठाऊक होतं. आणि तुला हसू येईल, मी कौल लावला. दोन रानफुलं तोंडातल्या पाण्यानं ओली करून दगडाला लावली, धोंडूआबा लावायचा तशी. डावं पडलं. मी मनात म्हणालो, वाऱ्यानं पडलं. वारा नव्हता.

जांभळीपाशी गेलो. तू घेतलेल्या तुकड्याची जागा दिसत होती, कडेला, नखाएवढी. मी खाली सुरीचं टोक लावलं. मला दोन बोटांएवढाच तुकडा हवा होता. पण पावसानं साल फुगली होती. ती आतून कुठूनतरी सुटली आणि सगळंच, अख्खा पंजा, घसरून माझ्या तळहातावर आला. ओला होता, पण गार नव्हता. आजवर हे कुणाला सांगितलं नाही. भर पावसात भिजलेली साल गार असायला हवी होती.

परत लावता येत नाही, हे आपल्या विषयात पहिल्या दिवशी शिकवतात. तरी मी ते खोडाला दाबून धरून बराच वेळ उभा राहिलो.

घरी येऊन पाहिलं, तर फळलेलं होतं. तुला हवं होतं तेच. मी ते वर्तमानपत्राच्या कागदात घडी करून कपाटात वर ठेवलं. उद्या सांगू म्हणालो. उद्या तू कॉलेजात इतकी खुशीत होतीस की परवा सांगू म्हणालो.

मग तू पाठवलेल्या नोंदीच्या पडताळणीला बाहेरून तज्ज्ञ आले. त्यांना घेऊन तू राईत गेलीस, मीही बरोबर होतो. जांभळीवर पंजाएवढी उघडी, फिकट जागा. तू त्या जागेवर हात ठेवलास. त्यांनी तुझ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि मऊ आवाजात म्हणाले की नमुन्यांच्या पाकिटांची अदलाबदल भल्याभल्यांच्या हातून होते, तुम्ही त्या वर्षी दक्षिणेतही गेला होतात ना. तुझी नोंद मागं घ्यायला लावली. तुझ्यावर शंका घेणं त्यांना फार सोपं गेलं. का सोपं गेलं, ते मी तुला सांगायला नको, तू त्याच्याशी जन्मभर झगडलीस. मी तिथं उभा होतो. मी एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं.

त्याच पावसाळ्यात जांभळीची मोठी फांदी मोडली. वादळ नव्हतं. धोंडूआबाची सून गवत कापायला राईच्या कडेला गेली होती, तिच्या पायावर आली. बाहेरचे लोक येऊन राईत काहीतरी शोधून गेले, बाईनं काहीतरी नेलं, एवढं वाडीला कळलं होतं. पुढचं त्यांनी जोडलं. बाईनं राई नासवली, म्हणून राई कोपली. तूच त्या सुनेला लोणावळ्याला दवाखान्यात नेलंस, तूच रोज डबा नेलास, आणि तुलाच ते ऐकावं लागलं.

एका संध्याकाळी तू माझ्या घरी आलीस. चहा घेतला नाहीस. म्हणालीस, मी सगळ्या बाजूंनी विचार केला. वाडीतला माणूस राईतलं खरवडून नेणार नाही. जनावर इतकं स्वच्छ काढणार नाही. जागा फक्त मला आणि तुला ठाऊक.

"मधू, तू कधी एकटा गेला होतास का तिकडं?"

"नाही."

तू लगेच विश्वास ठेवलास. मान हलवलीस, आणि खिडकीकडं बघत, मला नाही, स्वतःलाच म्हणालीस, "मग राहिलं काय?"

ते मला तेव्हा कळलं नाही. माझ्या एका शब्दानं मी तुझ्यापुढची सगळी शहाणी कारणं काढून घेतली होती. उरलं होतं ते फक्त वाडी म्हणत होती ते.

काही वर्षांनी, निवृत्त झाल्यावर, मी राईत गेलो होतो. मी दरवर्षी जायचो, ती जागा भरते का बघायला. भोवतीचं मॉस त्या जागेच्या काठापर्यंत येतं आणि थांबतं. आजही. शास्त्रानं ह्याला कारण देता येईल, साल गळत राहते, तिथं काही जीव धरत नाही. मी मलाच ते कारण देत उभा होतो आणि पलीकडं कुणीतरी हललं. तू होतीस. तुला मी दिसलो नाही, धुकं होतं. तू देवीच्या दगडापुढं गुडघे टेकून बसली होतीस. तुझ्या हातात नारळ होता, तो कसा धरायचा तेही तुला नीट ठाऊक नव्हतं. मग तू कपाळ खाली नेलंस.

मी तुझ्या वडिलांना कधी पाहिलं नाही. पण त्या वेळी मला वाटलं, ते माझ्या मागं उभे आहेत. मी वळलो नाही. तू निघून जाईपर्यंत झाडाला धरून उभा राहिलो, आणि तू गेल्यावर हात काढला तर तळव्यावर मॉसचा हिरवा ठसा होता. तो धुतला तरी दोन दिवस गेला नाही.

त्यानंतर आपण कितीदा भेटलो. प्रज्ञाचं लग्न झालं, तुझे डोळे गेले, मी तुला वर्तमानपत्र वाचून दाखवायला येत होतो. मधूनच तू हात धरायचीस आणि म्हणायचीस, तू होतास म्हणून मला वेड लागलं नाही. मला वाटायचं, तुला कळलंय आणि तू मला भाजून काढते आहेस. पण तसं नव्हतं. तू मनापासून म्हणत होतीस. तुला माझा संशय कधी आलाच नाही, आणि मला सगळ्यांत भीती त्याचीच वाटत आली.

तुझा कार्यक्रम झाल्यावर घरी आलो आणि ते पाकीट काढलं. बशीत कोमट पाण्याचे चार थेंब टाकले. पंधराएक वर्षं वाळलेलं, काळं, चुरा झालेलं. ते हललं. एकेक पान उचललं गेलं, एकेक पिशवी पाण्यानं टम्म झाली. जिवंत नाही, हे मी शास्त्राचा माणूस म्हणून सांगतो. इतक्या वर्षांनी ती पेशी जगत नाही, नुसतं पाणी भरतं. पण ते माझ्यासमोर उघडलं, आणि पूर्ण उघडेपर्यंत मला उठता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाला सगळं सांगितलं. तिनं मला बसायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही. म्हणाली, "मला सांगून काय करू मी? आईला ज्यांनी बोल लावला त्यांना सांगा. मग छापून सांगा. तुमच्या नावानं." तेव्हा हे छापतो आहे. विमलला कुरवंड्याच्या वरच्या राईत, जांभळीवर ती लिव्हरवर्ट सापडली होती. तिची नोंद खरी होती. पाकिटांची अदलाबदल झाली नव्हती. उरलेलं सगळं मी, मधुकरनं, काढून नेलं आणि लपवलं. तो नमुना तिच्या नावाच्या चिठ्ठीसह संग्रहालयात दिला आहे.

आणि वाडीत गेलो. धोंडूआबा आता फार थकलाय, पडवीत बसून असतो. मी बोलत होतो तेव्हा त्याची सून दाराशी येऊन उभी राहिली होती, एका पायावर भार देऊन. माझं संपलं तेव्हा तीच आधी बोलली. "दवाखान्यात त्यांनी पानी आनलं, मी तोंड फिरीवलं. त्या तांब्या घिऊन हुब्याच व्हत्या." एवढं बोलून ती आत गेली.

धोंडूआबानं मला शिवी दिली नाही. तो पायरीकडं बघत होता. "बाई दरसाल यायची. डोळं गेलं तरी पोरीला खाली गाडीत बशीवून माझा हात धरून वर यायची. लय माफी मागितली तिनं." मग माझ्याकडं वळला. "राईनं ती घेतली बी आसंल. आता ती माफी माघारी कोन आननार?"

तो काठी घेऊन उठला आणि म्हणाला, चल.

त्याला वर चढायला बराच वेळ लागला. वर पोचलो तेव्हा राईत उजेड फारसा उरला नव्हता. तो दगडापुढं उभा राहिला, मला मागं उभं केलं. त्यांच्यात गाऱ्हाणं घालायची रीत अशी की पुढचा माणूस देवीला एकेक गोष्ट सांगतो आणि मागची माणसं प्रत्येक गोष्टीला व्हय म्हणतात, म्हणजे ते खरं धरलं जातं. एरवी मागं अख्खी वाडी असते. त्या दिवशी मी एकटा होतो.

"बाईनं न्हाई नेलं," धोंडूआबा म्हणाला.

"व्हय."

"ह्या मानसानं नेलं."

"व्हय."

"कौल डावा पडला तरी नेलं. इचारलं तवा खोटं बोलला."

"व्हय." माझा आवाज माझ्या तोंडापुढंच विरत होता.

"बाईची काई चूक नव्हती. तिला मोकळी कर."

विमल, मी व्हय म्हणायला तोंड उघडलं. माझा शब्द अजून बाहेर पडला नव्हता. पण व्हय ऐकू आलं. माझ्या डाव्या बाजूनं, जांभळीकडून, अगदी साध्या आवाजात, वर्गात हजेरीला ओ द्यावी तसं. मी तिकडं बघितलं नाही. धोंडूआबाही वळला नाही. त्याला ते मी म्हटलं असंच वाटलं असेल. मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

त्यानं श्वास घेतला आणि शेवटचं म्हणाला, "आन ह्या मानसाला माफ कर."

इथं व्हय मी म्हणायचं होतं. मला ते म्हणवेना, स्वतःच्या माफीला स्वतःच साक्ष कशी देणार. मी थांबलो. धोंडूआबा थांबला. दोघंही कान देऊन उभे होतो. सगळीकडून पाणी ठिबकत होतं, खोडांवरून, दगडांवरून, पानांवरून, आणि दुसरा कुठलाही आवाज आला नाही. शेवटी त्यानं काठी उचलली, आणि आम्ही चपला झटकून खाली उतरलो.